तंत्रिकाजन्य शोथ

तंत्रिकाजन्य शोथ : संवेदी तंत्रिकांच्या टोकांतून स्रवणाऱ्या पेप्टाइडांमुळे (ॲमिनो अम्लांच्या छोट्या साखळ्यांमुळे) सुरू होणारी किंवा कमीजास्त होणारी दाहयुक्त सूज. लाली, उष्णता, सूज व वेदना ही शोथाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इ. स. पहिल्या शतकात नोंदवली. त्यांपैकी वेदना तेवढी तंत्रिकांची आणि उरलेली तीन रक्ताभिसरणाची, अशी वाटणी दीर्घकाळ गृहीत धरली गेली. या संकल्पनेने ती मोडली.

संकल्पनेचा आरंभ कोणापासून धरावा याविषयी एकमत नाही. चार्ल्स बेल (१८११) व फ्रांस्वा माझांदी (१८२२) यांच्या कार्यातून रूढ झालेल्या नियमानुसार मेरुरज्जूच्या (पाठीच्या कण्यातील तंत्रिकारज्जूच्या) पश्च म्हणजे मागील बाजूच्या तंत्रिकामुळांतून संवेदना फक्त आत येतात. व्हिएन्नातील सालोमोन श्ट्रिकर यांनी १८७६ मध्ये कुत्र्याची हीच मुळे उद्दीपित करून पायाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात असे दाखवले. नियमात न बसणारा हा निष्कर्ष त्या काळी फारसा स्वीकारला गेला नाही. फ्रीडरिख गोल्ट्स यांचे प्रयोग थोडे आधीचे, साधारण १८७४ चे असल्याने काही लेखक मान त्यांना देतात. परंतु ते पायाच्या सायटिक तंत्रिकेवर, म्हणजे संवेदी व इतर तंतूंच्या मिश्रणावर केलेले होते. म्हणून श्ट्रिकर यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. लंडनच्या विल्यम बेलिस यांनी १९०१ मध्ये त्यांना दुजोरा दिला आणि संदेशाच्या या उलट प्रवासाला विलोमगामी म्हटले.

निनियन ब्रूस यांचे १९१० च्या सुमाराचे प्रयोग आजही वाचावेत इतके नेटके आहेत. त्यांनी प्राण्याच्या डोळ्यात मोहरीचे तेल घातले. हे खाण्याचे तेल नव्हे; मोहरी फेसताना नाकात झणझणते ते उडनशील द्रव्य. डोळा लाल होऊन सुजला. तंत्रिका नुकतीच कापली असता सूज पूर्वीसारखीच आली. मात्र कापल्यानंतर काही दिवस जाऊ देऊन, तंतू टोकापर्यंत झिजल्यावर तेच तेल घातले तेव्हा डोळा जवळजवळ शांत राहिला. याचा अर्थ मेंदू किंवा मेरुरज्जू यांची गरज नाही, गरज आहे ती तंतूच्या जिवंत टोकाची. संदेश तंतूच्या एका फाट्यातून वर जातो आणि वाटेतच दुसऱ्या फाट्यातून त्वचेकडे परततो. याला अक्षतंतू प्रतिक्षेप म्हणतात. टॉमस लुइस यांनी १९२७ मध्ये मानवी त्वचेतील त्रिविध प्रतिसादाचे विवेचन केले. हातावर बोथट टोकाने जोरात रेघ ओढली की आधी लाल रेघ, मग भोवती पसरणारी लाली आणि शेवटी गांधीसारखा फुगवटा दिसतो. यांतली पसरणारी लाली तंत्रिकांची.

निर्णायक पुरावा हंगेरीतील सेगेद येथून आला. मिक्लोश यांचो यांनी मिरचीतील कॅप्सेसीन वापरले. मिरच्या चिरल्यावर हात भगभगतात ते याच द्रव्याने संवेदी टोके चेतवली गेल्यामुळे. मोठ्या मात्रा वारंवार दिल्यास मात्र ती टोके निकामी होतात. अशा प्राण्यांत मोहरीच्या तेलाने शोथ येत नाही, असे सांगणारा निबंध यांचो यांच्या निधनानंतर, १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅप्सेसीनचा ग्राही (ते ज्यावर काम करून टोके चेतवते ते प्रथिन) १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

स्रवणाऱ्या पेप्टाइडांत दोन प्रमुख आहेत. ११ ॲमिनो अम्लांचा पदार्थ पी (ऑयलर व गॅडम, १९३१) केशवाहिन्यांलगतच्या सूक्ष्म नीलांच्या भिंती सैल करतो, त्यामुळे रक्तद्रव पाझरून सूज येते. ३७ ॲमिनो अम्लांचे सीजीआरपी (कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड) धमनिका म्हणजे सूक्ष्म धमन्या रुंदावते. उंदरांत दोन्ही परिणाम ठळक असतात. मानवी त्वचेत लालीच प्रमुख असते, पाझर फारच कमी. प्राण्यांवरील निष्कर्ष वाचताना हा फरक विसरू नये.

संवेदी तंत्रिका शोथ भडकवतात तशा आवरतातही, हे अलीकडे अधिक स्पष्ट झाले. २०१३ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासात स्टॅफिलोकॉकस जीवाणू वेदनावाही तंतूंना थेट चेतवतात असे आढळले. हे तंतू नाहीसे केल्यावर संसर्गाजवळच्या लसीका ग्रंथी अधिकच सुजल्या. सीजीआरपी महाभक्षी कोशिकांकडून (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींकडून) होणारी टीएनएफ या शोथ वाढवणाऱ्या प्रथिनाची निर्मिती घटवते, हे याचे एक कारण. उलट, सोरायसिससारखा त्वचाविकार मुद्दाम निर्माण केलेल्या उंदरांत हेच तंतू काढल्यास त्वचा निवळते. तंतू मित्र की शत्रू, असा प्रश्न विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. ऊतक कोणते आणि तंतूंना चेतवणारे काय, यावर ते ठरते.

प्राणेशा (व्हेगस) या मेंदूपासून छाती व पोटातील अवयवांपर्यंत जाणाऱ्या तंत्रिकेतून जाणारा शोथ प्रतिक्षेप केव्हिन ट्रेसी यांनी २००२ मध्ये मांडला. या तंत्रिकेचे संवेदी तंतू शोथाची वर्दी मेंदूच्या देठाला देतात आणि तेथून आळा घातला जातो, हा त्याचा गाभा. परतीच्या वाटेवर वाद आहे. मेलबर्नमधील संशोधकांनी उंदरांत प्राणेशेऐवजी पोटातील अवयवांकडे जाणाऱ्या अनुकंपी अंतस्त्य तंत्रिकांकडे बोट दाखवले. वर्दी देणाऱ्या बाजूला मात्र २०२४ च्या प्रयोगांनी भक्कम आधार दिला आहे.

वैद्यकात या ज्ञानाचा सर्वांत साधा उपयोग कुष्ठरोगाच्या निदानात होतो. फिकट चट्ट्यावर आणि शेजारच्या निरोगी त्वचेवर हिस्टामीनच्या सौम्य द्रावणाचा एकेक थेंब ठेवून त्यातून सुईने हलके टोचतात. निरोगी त्वचेवर लवकरच लाली पसरते; चट्ट्यावर गांध उठते, पण लाली पसरत नाही, कारण तेथील तंतूंना इजा झालेली असते. बधिरता नीट सांगू न शकणाऱ्या लहान मुलांत ही परीक्षा विशेष उपयोगी पडते.

पदार्थ पी रोखणारी औषधे वेदना व अर्धशिशीवर अपयशी ठरली. त्यांतील ॲप्रेपिटंट कर्करोगाच्या औषधोपचारातील उलट्यांवर वापरतात. सीजीआरपीला रोखणारी प्रतिपिंडे २०१८ पासून अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी उपलब्ध आहेत.