फोनचं जागरण

फोन खिशात टाकण्यापूर्वी उघडी ॲप्स एकामागून एक बोटाने वर सरकवून 'बंद' करण्याची सवय पुष्कळांना असते. बॅटरी वाचावी एवढाच हेतू. पण या उद्योगाने ती सहसा वाचत नाही, उलट थोडी जास्तच जाते. २०१६ साली एका आयफोनधारकाने थेट ॲपल कंपनीचे प्रमुख टिम कुक यांना ईमेल करून विचारलं होतं की, तुम्ही स्वतः ॲप्स अशी वारंवार बंद करता का आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? उत्तर आलं ॲपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिघी यांच्याकडून: 'नाही आणि नाही.'

अलीकडे वापरलेल्या ॲप्सची ती यादी पाहून ही सगळी ॲप्स चालूच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात आपण दुसरीकडे वळलो की ॲपला हातातलं काम आवरायला थोडा वेळ मिळतो आणि मग बहुतेक ॲप्स जागच्या जागी थिजतात. त्यांचा मजकूर रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो, पण प्रोसेसर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. रॅमला वीज लागते हे खरं, पण ती भरलेली असो वा रिकामी, खर्चात फारसा फरक पडत नाही; कारण तिच्यातला विद्युतभार सतत ताजा करत राहावा लागतो, त्यात कामाचं काही असो वा नसो. जागा कमी पडलीच तर ऑपरेटिंग सिस्टिम बराच वेळ न वापरलेली ॲप्स आपणहून काढून टाकते. आपण हाताने काढलेलं ॲप मात्र पुन्हा उघडताना पहिल्यापासून उभं करावं लागतं: स्टोरेजमधून प्रोग्रॅम वाचा, पडदा रचा, माहिती पुन्हा मागवा. दिवसभरात वारंवार लागणाऱ्या ॲपसाठी ही उठाठेव नुकसानीचीच. ॲप अडकलं किंवा विचित्र वागू लागलं तर ते जरूर बंद करावं, पण तेवढ्यापुरतंच.

मग बॅटरी जाते कुठे? स्क्रीन हा मोठा खर्च आहेच, पण तो डोळ्यांसमोर होतो. न दिसणारा खर्च होतो तो फोनची झोपमोड झाल्यामुळे. स्क्रीन बंद झाली आणि काम उरलं नाही की मुख्य प्रोसेसर गाढ झोपी जातो. रॅम जेमतेम जिवंत असते, घड्याळ चालू असतं आणि मोडेम अधूनमधून नेटवर्ककडे कान देतो. या अवस्थेत फोनला लागणारी वीज नगण्य असते. पण ॲपला ही झोप रोखून धरता येते. अँड्रॉइडमध्ये त्याला 'वेकलॉक' म्हणतात. स्क्रीन बंद असताना गाणं ऐकू येतं ते अशाच सोयीमुळे. अडचण होते ती ॲपने वेकलॉक घेतला आणि प्रोग्रॅमरच्या चुकीने तो सोडलाच नाही तर. स्क्रीन काळी, फोन खिशात, आणि आत प्रोसेसर टक्क जागा!

त्याहून लबाड खर्च रेडिओचा, म्हणजे मोबाइल डेटाचा. समजा, हवामानाच्या ॲपने दोन किलोबाइट माहिती मागवली. ती यायला सेकंदही लागत नाही. पण लगेच आणखी काही येईल या अपेक्षेने रेडिओ काही काळ तयारीत थांबतो. फोर-जीवर हा काळ साधारण दहा सेकंदांचा, नेटवर्कनुसार कमीजास्त. हेच ॲप दर पाच मिनिटांनी डोकावू लागलं तर दिवसाला २८८ फेऱ्या, म्हणजे रेडिओचं ४८ मिनिटांचं जागरण. अशी चार ॲप्स आपापल्या वेळेला उठली तर तीन तासांहून जास्त. तीच चार ॲप्स एकाच वेळी उठली तर मात्र पुन्हा साधारण ४८ मिनिटंच! त्यामुळे माहिती किती आली यापेक्षा रेडिओ किती वेळा उठवला, हा हिशेब महत्त्वाचा.

गेल्या काही वर्षांत फोन सुधारले ते बरेचसे याच हिशेबावर. प्रत्येक ॲपने सर्व्हरला 'काही नवीन आहे का?' असं विचारत बसण्याऐवजी सगळ्यांसाठी मिळून एकच जोडणी उघडी ठेवायची आणि निरोप आला तरच संबंधित ॲपला उठवायचं, ही पुश नोटिफिकेशनची युक्ती. २०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये 'डोझ' आलं. चार्जरला न लावलेला फोन स्क्रीन बंद करून बराच वेळ एका जागी पडून असेल तर ॲप्सची कामं थोपवून धरली जातात आणि ठरावीक वेळेच्या छोट्या खिडकीत सगळ्यांना एकदमच उरकायला लावली जातात. फोन जितका जास्त वेळ पडून, तितक्या या खिडक्या एकमेकींपासून दूर दूर. तातडीचे निरोप मात्र मधेही पोचतात. पुढे अँड्रॉइड ९ ने तर वापरानुसार ॲप्सचे गट पाडले: रोजच्या ॲपला मोकळीक, क्वचित उघडणाऱ्याला लगाम. आयफोनवरही कोणत्या ॲपला पार्श्वभूमीत कधी ताजं होऊ द्यायचं, हे वापरणाऱ्याच्या सवयी पाहून सिस्टिमच ठरवते.

तरीही एखादं ॲप निसटतंच. ते शोधायला सेटिंग्जमधली बॅटरीची यादी उघडावी. तिथली टक्केवारी एकटी फसवी असते, कारण तासभर व्हिडिओ पाहिला तर ते ॲप वर दिसणारच. पाहायचं ते असं की स्क्रीनवर किती वेळ होतं आणि पार्श्वभूमीत किती. पाच मिनिटं वापरलेलं ॲप पार्श्वभूमीत दोन तास राबलेलं दिसलं (आणि ते गाणी वाजवणारं किंवा रस्ता दाखवणारं नसलं) तर चोर सापडला. अशा ॲपची पार्श्वभूमीतली परवानगी काढावी, आणि लोकेशन 'फक्त ॲप वापरताना' एवढंच द्यावं. जीपीएस सतत चालू राहणं हा महागडा प्रकार आहे. कधीकधी मात्र ॲपचा दोष नसतोच. सिग्नल कमकुवत असेल तर टॉवरपर्यंत पोचण्यासाठी रेडिओ जास्त ताकद लावतो, आणि एरवी शहाण्यासारखं वागणारं ॲपही तिथे खादाड ठरतं.

सगळ्यांवर सरसकट बंदी घालणारी 'बॅटरी सेव्हर' ॲप्स मला निरुपयोगीच वाटतात. इतरांवर पहारा ठेवायला ती स्वतः जागी राहतात. काही फोन-कंपन्याही बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्याच्या नादात आपल्या फोनमध्ये ॲप्स इतक्या सढळ हाताने मारतात की पावलं मोजणारं ॲप दुपारीच मोजणं थांबवतं आणि औषधाची आठवण करून देणारं वेळेवर वाजत नाही. अशा ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनिर्बंध' करून ठेवणं हाच त्यावर इलाज.