वाहाकाचा मृतांचा सण आणि स्वयंपाकघरातले पाहुणे

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा लागला की दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहरात आठ-दहा जणांचे गट दिसू लागतात. सकाळी बाजारात मिरच्या निवडायच्या, दुपारी कुणाच्या तरी घरी मसाला वाटायला बसायचं, रात्री फुलांनी भरलेल्या दफनभूमीत जायचं, असा त्यांचा बेत असतो. निमित्त 'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मृतांच्या सणाचं. सणाभोवतीच्या या खाद्यसहली तशा अलीकडच्या. पण त्या इथेच का रुजल्या, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

हा सण हजारो वर्षं जसाच्या तसा चालत आला आहे, असं माहितीपत्रकांत सर्रास छापलेलं असतं. मला ते पटत नाही. स्पॅनिश येण्याआधी मध्य मेक्सिकोत राज्य करणाऱ्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या पंचांगात मृतांचे दोन सण होते, एक लहान मुलांचा आणि एक मोठ्यांचा, पण ते नोव्हेंबरात येत नसत. साधारण ऑगस्टच्या सुमारास येत. 1 नोव्हेंबरचा सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबरचा सर्व आत्म्यांचा दिवस स्पॅनिश पाद्र्यांनी आणला. त्यातला दुसरा दिवस 10 व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लुनी मठातून पसरला. (गोव्यातले ख्रिस्ती लोक 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या ठेवतात, तेही याच दिनदर्शिकेप्रमाणे.) 16 व्या शतकात दिएगो दुरान या धर्मोपदेशकाला एक गोष्ट खटकली. लोक पहिल्या दिवशी वारलेल्या मुलांसाठी आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी नैवेद्य ठेवत होते. जुने दोन सण नव्या तारखांच्या आडोशाने चालू आहेत, असा त्याला संशय आला. उलट एल्सा माल्विदो या मेक्सिकन इतिहासकार बाईंनी या सणाचं मूळ मुख्यतः मध्ययुगीन युरोपात असल्याचं मांडलं. वाद अजून मिटलेला नाही.

माझा कौल मिश्रणाच्या बाजूने आहे, कारण ते ताटात दिसतं. वाहाकात या सणाचा मानाचा पदार्थ म्हणजे मोले नेग्रो, काळा दाट रस्सा. त्याला लागणारी चिल्वाक्ले मिरची वाहाका राज्यातल्याच कन्याडा भागात पिकते. ती जवळजवळ काळी पडेपर्यंत भाजतात. बिया वेगळ्या काढून पार कोळसा होईतो जाळतात आणि कडूपणा उतरावा म्हणून पाण्यात भिजवतात. या धुराने ठसका लागतो, म्हणून हे काम शक्यतो अंगणात करतात. मग तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, पिकलेलं केळं, टोमॅटो, लवंग, मिरी, दालचिनी हे सगळं भाजून-तळून वाटायचं आणि शेवटी चॉकलेट घालून रस्सा मंद आचेवर आटवायचा. यात मिरची, टोमॅटो, शेंगदाणा आणि कोको अमेरिका खंडातले. बदाम-मनुका स्पेनमार्गे आले. मिरी, लवंग, दालचिनी आशियातली. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधलं मनिला ते मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर अशी स्पॅनिश जहाजांची ये-जा होती आणि आशियाई मसाला त्या वाटेनेही मेक्सिकोत उतरत असे. कबरींवरचा झेंडू मात्र अस्सल मेक्सिकोचा. दसऱ्याला आपण ज्याचं तोरण बांधतो तो हाच. पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे आला, असं मानतात.

परक्या प्रवाशांचं लक्ष या सणाच्या खाण्याकडे गेलं तेही जुनंच. 1760 च्या दशकात फ्रान्सिस्को दे अहोफ्रिन या कापुचिन पंथाच्या स्पॅनिश साधूने मेक्सिको शहरात सणाआधी विकायला मांडलेल्या साखरेच्या आकृत्यांचं वर्णन करून ठेवलं. शवपेट्या, पाद्री, बिशप, सरदार, सगळे साखरेचे. साखरेच्या कवट्या याच परंपरेत बसतात.

पुढच्या शतकात एक मोठा बदल झाला, त्याकडे पर्यटक सहसा लक्ष देत नाहीत. राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ वाहाकाचेच, डोंगरातल्या गेलाताओ गावचे, सापोतेक या तिथल्या मूळ रहिवासी समाजातले. त्यांच्या सरकारने 1859 मध्ये कायदा करून दफनभूमी चर्चच्या हातून काढून सरकारी यंत्रणेकडे सोपवल्या. आज पाहुणे ज्या सार्वजनिक दफनभूमीत शिरतात, तिचा कारभार पाद्र्याकडे नसतो, तो या कायद्यामुळे.

या सणाची खूण बनलेल्या टोपीवाल्या सांगाड्याचं चित्र आणखी नवं. होसे ग्वादालुपे पोसादा या खोदचित्रकाराने 1910 च्या सुमारास सांगाड्याचं डोकं आणि फुलापिसांची टोपी कोरली. दिएगो रिवेराने 1947 च्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला आणि ती 'कात्रिना' झाली. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला स्वतःची ओळख घडवायची होती, त्यात हा सण राष्ट्राचं चिन्ह ठरला. 1970 च्या दशकात सरकारी पर्यटन खात्यांनी मिचोआकान राज्यातल्या पात्स्क्वारो तलावाचा आणि त्यातल्या हानित्सिओ बेटाचा जोरदार प्रचार केला. एका छोट्या बेटावरच्या कोळ्यांच्या दफनभूमीत एका रात्रीत बाहेरगावचे लोंढे येऊ लागले. कबरीजवळ बसलेल्या बाईच्या तोंडावर कॅमेऱ्याचा झोत, हे दृश्य तेव्हापासूनचं.

छोट्या गटांची वाट मात्र वेगळीकडून आली. ती पर्यटन खात्यांपेक्षा स्वयंपाक शिकवणाऱ्या बायकांनी पाडली. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या डायना केनेडी 1957 मध्ये मेक्सिकोत आल्या. बाजार आणि गावोगावची स्वयंपाकघरं त्यांनी पालथी घातली आणि पती वारल्यावर न्यूयॉर्कमध्ये मेक्सिकन स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. 1972 मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं आणि मेक्सिकन जेवण प्रांताप्रांतात बदलतं, हे इंग्रजी वाचणाऱ्यांना कळलं. पुढे त्या मिचोआकानमध्ये राहिल्या आणि तिथे घरीच मोजक्या लोकांना शिकवत. 1990 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या सुसाना ट्रिलिंग यांनी वाहाकाजवळ एटला खोऱ्यात स्वयंपाकशाळा काढली. त्याच सुमारास तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावात अबिगाइल मेंदोसा यांनी बहिणींसोबत त्लामानाली हे भोजनगृह सुरू केलं. मेंदोसा सापोतेक. मका, कोको, मिरची गुडघ्यावर बसून मेतातेवर, म्हणजे तिथल्या दगडी पाट्यावर वाटणाऱ्या. बाहेरच्या बाईने सांगितलेलं मेक्सिको आणि घरच्या बाईने स्वतः वाढलेलं मेक्सिको, यात मला दुसरं कायम मोलाचं वाटत आलं आहे.

गट लहान ठेवायचं कारणही त्या पाट्याशीच आहे. एका मेतातेवर एका वेळी एकच जण वाटू शकतो. चाळीस माणसं आली की ती नुसती बघत उभी राहतात.

त्यानंतरचं थोडक्यात. युनेस्कोने या सणाचा 2003 मध्ये गौरव केला आणि 2008 मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पारंपरिक मेक्सिकन पाककला 2010 मध्ये त्याच यादीत आली. 2015 च्या बाँडपटात मेक्सिको शहरात या सणाची भव्य मिरवणूक दाखवली होती. तशी मिरवणूक तिथे कधीच निघत नसे. 2016 पासून ती खरोखर निघू लागली. 2017 मध्ये 'कोको' हा अ‍ॅनिमेशनपट आला आणि जगभरातल्या घराघरांत हा सण पोचला. वाहाकाजवळच्या होहोकोत्लान आणि आत्सोम्पा इथल्या दफनभूमींत 31 ऑक्टोबरच्या रात्री आता प्रचंड गर्दी असते.

या गर्दीतही वाहाकातला एक जुना रिवाज टिकून आहे आणि माझ्या मते तोच चांगल्या सहलीचा पाया आहे. या दिवसांत लोक नातलगांकडे आणि मुलांच्या धर्मपालकांकडे जातात ते हातात काहीतरी घेऊन: पाव, चॉकलेट, मेणबत्ती, मेस्काल ही तिथली दारू. आणलेली वस्तू आधी घरात मृतांसाठी मांडलेल्या वेदीवर ठेवायची, मृतांना नमस्कार करायचा, मग यजमान जेवायला बसवणार. वेदीवर उसाच्या कमानीखाली झेंडू आणि कोंबड्याची लालभडक फुलं, कोपाल या सुगंधी राळेचा धूर, संत्री, फोटो आणि पिठाचे रंगवलेले छोटे चेहरे बसवलेले पाव. तेओतित्लानमध्ये 1 नोव्हेंबरच्या दुपारी तीनला आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी तीनला परततात असं मानतात. तोवर घरात तामालेस, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे उंडे, आणि मोले तयार असतो. परका माणूस या रिवाजात बसतो, कारण रिवाजच येणाऱ्याचा आहे. मात्र त्याने रिकाम्या हाताने येऊ नये.

शहरात घरभाडी वाढली, जुन्या वस्तीतली घरं पर्यटकांसाठी राखली जाऊ लागली, आणि 2024 च्या जानेवारीत वाहाकाच्या रस्त्यांवर याविरुद्ध मोर्चा निघाला. त्यातला राग रास्त होता. म्हणून सहल निवडताना मी तीन गोष्टी विचारायला सांगेन. जेवण रांधणाऱ्या बाईला पैसे थेट मिळतात का? स्वयंपाकाचा वर्ग सणाआधीच्या दिवसांत आहे का, म्हणजे 1 आणि 2 तारखेला त्या घराला स्वतःच्या माणसांसाठी उसंत मिळेल? आणि दफनभूमीत फोटो काढण्याआधी कबरीजवळच्या कुटुंबाला विचारण्याची जबाबदारी वाटाड्या घेतो का? उत्तरं गुळमुळीत आली, तर दुसरा आयोजक शोधावा.