अक्षर-सायफरचा सराव आणि ऋण बाकीचा घोळ

एका अक्षराच्या जागी दुसरे लिहून मजकूर झाकण्याची रीत फार जुनी आहे. रोमन सेनानी प्रत्येक अक्षर वर्णमालेत तीन घरे सरकवून पत्रे लिहीत, आपल्याकडील चौसष्ट कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प ही गुप्तलेखनाची कला आहे, आणि अक्षरांच्या वारंवारतेवरून असा मजकूर उकलण्याची पद्धत नवव्या शतकातच बगदादमध्ये लिहून ठेवली गेली.

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात मात्र या रीतीचे, म्हणजे अक्षर-सायफरचे, बस्तान बसले ते संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्कीमुळे. 1963 च्या या मानकात इंग्रजीच्या मोठ्या लिपीतील सव्वीस अक्षरांना 65 ते 90 असे सलग क्रमांक मिळाले आणि 1967 च्या सुधारणेत लहान लिपीला 97 ते 122. त्यामुळे अक्षर सरकवणे म्हणजे साधी बेरीज झाली. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर रूढ झालेल्या एब्सीडिक या दुसऱ्या अक्षर-संकेतात ही सोय नव्हती. तेथे ‘आय’ 201 वर आणि ‘जे’ थेट 209 वर असल्याने, या सरावाची आजची बहुतेक नमुना-उत्तरे त्या यंत्रावर चुकली असती. 1980 च्या दशकात यूजनेट या संगणकांवरील चर्चागटांच्या जाळ्यावर आक्षेपार्ह विनोद आणि कोड्यांची उत्तरे झाकण्यासाठी तेरा घरे सरकवण्याची प्रथा पडली. तेरा दोनदा मिळवले की सव्वीस होतात, म्हणून झाकणे आणि उघडणे एकाच सूत्राने होई.

ही सोय फक्त तेरापुरती होती. इतर कोणत्याही किल्लीला, म्हणजे घरे सरकवण्याच्या आकड्याला, उलट जाताना वजाबाकी करावी लागते आणि सरावातला खरा वाद तेथे सुरू होतो. किल्ली तीन असताना लहान ‘बी’ उकलायचा आहे असे समजू. ‘ए’ शून्यावर धरल्यास ‘बी’ एकवर येतो, एकातून तीन गेले की उणे दोन उरतात. वर्णमाला संपली की पुन्हा दुसऱ्या टोकापासून मोजता यावे म्हणून याला सव्वीसने भागून पायथन भाषेत बाकी काढली तर 24 मिळते, म्हणजे बरोबर ‘वाय’. हीच ओळ सी भाषेत लिहिली तर बाकी उणे दोनच राहते, 97 मध्ये ती मिळवल्यावर 95 येतात आणि पडद्यावर अक्षराऐवजी अधोरेषा उमटते. सीच्या 1989 च्या मानकाने ऋण भाज्याचा अपूर्णांकी भागाकार पूर्णांक करताना शून्याकडे वळवायचा की खालच्या संख्येकडे हे कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडले होते. 1999 च्या मानकाने तो शून्याकडे वळवावा असे ठरवले, त्यामुळे बाकी ऋण उरते, आणि त्यामागे फोरट्रान या जुन्या भाषेशी सुसंगतता हे एक कारण होते. फोरट्रानमधील आकडेमोडीच्या दृष्टीने ते समजण्यासारखे असले, तरी घड्याळासारख्या फिरत्या मोजणीत बाकी नेहमी शून्य ते पंचवीस यांतच हवी आणि त्यासाठी भाषेने वेगळे चिन्ह द्यायला हवे होते, असे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. जावाने 2014 मध्ये त्यासाठी स्वतंत्र फंक्शन दिले. सी शिकणाऱ्याला मात्र आजही ‘आधी सव्वीस मिळवा, मग बाकी काढा’ एवढेच सांगितले जाते आणि त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते.

सव्वीस अक्षरांची पूर्ण अदलाबदल ही सरावाची पुढची पायरी. तिच्यात बाकीचा प्रश्नच उरत नाही, कारण येथे किल्ली म्हणजे आकडा नसून सव्वीस अक्षरांची यादी असते आणि प्रत्येक अक्षराचा जोडीदार तिच्यातूनच उचलला जातो. तेथे प्रोग्रॅमने तपासायचे ते एवढेच, की किल्लीत सव्वीसही अक्षरे आहेत आणि एकही दोनदा आलेले नाही.

मराठी मजकुरावर हाच प्रोग्रॅम चालवू पाहणाऱ्यांसमोर मात्र एब्सीडिकसारखाच अडथळा उभा राहतो. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतली. तीत क ते ह या 37 जागा सलग असल्या, तरी त्यांत मराठीत न येणारी नुक्त्याची (खाली टिंब असलेली) अक्षरेही बसली आहेत. ‘न’ एक घर पुढे सरकला की ‘प’ येत नाही, ‘ऩ’ येतो. ‘र’नंतर येणारा ‘ऱ’ मात्र ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांत मराठीला लागतो, त्यामुळे नुक्त्याची सगळी अक्षरे सरसकट वगळताही येत नाहीत. शिवाय काना-मात्रा ही स्वतंत्र चिन्हे असल्याने तीही सरकवली तर मात्रेच्या जागी भलतेच काही येऊ शकते. म्हणून मराठीसाठी क्रमांकांवर विसंबण्याऐवजी व्यंजनांची यादी प्रोग्रॅममध्ये स्वतः लिहावी, यादीच्या लांबीनेच बाकी काढावी आणि मात्रा जशाच्या तशा ठेवाव्यात.