पार्श्वभूमी : १९९१चे अल्बम आणि बदललेली मोजणी

रॉक-पॉपच्या आवडत्या अल्बमांचा विषय निघाला की आमच्या वयाच्या लोकांच्या तोंडी १९९१ हे साल येतंच. आणि १९९१ म्हटलं की गाडी थेट सप्टेंबरपाशी जाऊन थांबते. १७ तारखेला गन्स एन रोझेसच्या ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन्ही भाग आले. २३ला ब्रिटनमध्ये प्रायमल स्क्रीमचा ‘स्क्रीमाडेलिका’, आणि २४ला एकाच मंगळवारी निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ व रेड हॉट चिली पेपर्सचा ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’. त्याआधी ऑगस्टमध्ये मेटालिकाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आणि पर्ल जॅमचा ‘टेन’ येऊन गेले होते. ऑक्टोबरात साउंडगार्डनचा ‘बॅडमोटरफिंगर’, नोव्हेंबरात माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’, यू टूचा ‘अख्टुंग बेबी’ आणि महिना संपता संपता मायकल जॅक्सनचा ‘डेंजरस’. साडेतीन महिन्यांत एवढा ऐवज.

हे सगळं एकदम कसं आलं, याचं ठरलेलं उत्तर असं की त्या वर्षी ऐकणाऱ्यांची आवड बदलली. मला ते अर्धंच पटतं. आवड काही वर्षांपासून बदलतच होती. १९९१च्या मे महिन्यात बदलली ती ती आवड मोजण्याची रीत. या वर्षाची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो, म्हणून इथे त्यालाच जास्त जागा देतो आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. लाँगप्ले तबकडी १९४८ची, आणि अल्बम ही सलग ऐकायची वस्तू आहे ही समजूत साठच्या दशकात पक्की झाली. ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणीवरच्या संगीतवाहिनीने चेहऱ्यांना आणि केशरचनांना भाव आणला. त्याच वेळी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या छोट्या रेडिओ केंद्रांवर वेगळंच काही वाजत होतं. आर.ई.एम. हा जॉर्जियातल्या अथेन्स गावचा बँड तिथेच वाढला. सिअॅटलच्या एका चिमुकल्या कंपनीने १९८९मध्ये निर्वाणाचा पहिला अल्बम काढला, त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०० डॉलरच्या थोडा वर होता. यू टू ऑक्टोबर १९९०मध्ये बर्लिनला पोहोचले ते जर्मनी एक होत होती त्याच दिवसांत, आणि भिंतीपासून हाकेच्या अंतरावरच्या स्टुडिओत भांडत भांडत त्यांना ‘वन’ हे गाणं सापडलं. मेटालिकाही त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत शिरले, ते जून १९९१पर्यंत बाहेर पडले नाहीत. म्हणजे १९९१च्या शरद ऋतूत जे बाजारात आलं, त्याची पेरणी आधीच झालेली होती.

आता मोजणी. अमेरिकेत दर आठवड्याला सर्वाधिक खपाच्या अल्बमांची यादी छापणारं एक व्यापारी साप्ताहिक होतं, तेच तिथलं प्रमाण. मे १९९१पर्यंत ही यादी कशी तयार होत असे? साप्ताहिकाची माणसं ठरावीक दुकानांना फोन करत आणि या आठवड्यात काय काय खपलं ते विचारत. दुकानातला माणूस क्रम सांगे, आकडा नाही. पहिला हा, दुसरा तो, तिसरा अमुक. पहिल्याच्या चारशे प्रती गेल्या आणि दुसऱ्याच्या चाळीस, तरी कागदावर दोघांत एकाच पायरीचं अंतर. हा क्रम बिलं तपासून निघत नसे. फोन उचलणाऱ्याचा अंदाज, त्याची स्वतःची आवड आणि त्या आठवड्यात कुठल्या कंपनीचा प्रतिनिधी भेटवस्तू घेऊन आला होता, हे सगळं त्यात मिसळलेलं असे. रॉकच्या दुकानातल्या पोराला कंट्री संगीताचं, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांचं वावडं असेल, तर कंट्रीचे ढीग विकले जाऊनही ते यादीत खालीच.

२५ मे १९९१च्या अंकापासून हे बदललं. दुकानात गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्रीची नोंद थेट संगणकात, आणि त्या नोंदींची बेरीज म्हणजे यादी. पहिल्याच आठवड्यात मायकल बोल्टन या हळव्या गाण्यांच्या गायकाने आर.ई.एम.च्या ‘आउट ऑफ टाइम’ला पहिल्या जागेवरून खाली ओढलं. कंट्रीचे अल्बम भराभर वर सरकले. जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप मंडळींचा अल्बम आल्या आल्या दुसऱ्या आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्या जागी गेला, तेही रेडिओची जवळपास काहीच मदत नसताना. ऑगस्टमध्ये मेटालिकाच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रती मोजल्या गेल्या त्या सुमारे ५ लाख ९८ हजार. सप्टेंबरात गार्थ ब्रूक्सचा कंट्री अल्बम थेट पहिल्या जागी उतरला. त्यानंतर ‘यूज युअर इल्यूजन’चा दुसरा भाग पहिला आणि पहिला भाग दुसरा आला. एकाच कलाकाराने वरच्या दोन्ही जागा घेण्याचा प्रसंग १९७४नंतर तेव्हाच घडला.

जुन्या पद्धतीत अल्बम थेट पहिल्या जागी उतरणं हे नवल होतं. १९९१पूर्वीच्या सगळ्या वर्षांत मिळून असे सहाच अल्बम झाले. नव्या पद्धतीत ते पाहता पाहता नेहमीचं झालं. लोक एका रात्रीत वेगळे झाले नव्हते. चाहते पहिल्या दिवशी रांग लावतात हे पूर्वीही खरं होतं, फक्त फोनवरच्या क्रमात ते उमटत नव्हतं.

या निर्णयावरून वाद बराच झाला, आणि आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. बारकोड वाचणारी यंत्रं आधी मोठ्या साखळी दुकानांत आली. गल्लीतल्या स्वतंत्र दुकानांच्या विक्रीला अंदाजाने वजन दिलं जाई, आणि नवं, आडवळणाचं संगीत नेमकं तिथेच खपत असे. छोट्या कंपन्यांची तक्रार ती होती. मोठ्या कंपन्यांची नाराजी वेगळी. इतकी वर्षं जपलेलं फोनचं तंत्र त्यांच्या हातून गेलं. तिसरा आक्षेप पुढे खरा ठरला : सगळा जोर पहिल्या आठवड्यावर आला, आणि हळूहळू चढणाऱ्या अल्बमला दम धरायला वेळ मिळेनासा झाला. तरीही माझ्या मते निर्णय बरोबरच होता. मोजायचंच असेल तर खरं मोजावं.

आणि हळू चढणारे लगेच संपलेही नाहीत. ‘नेव्हरमाइंड’च्या सुरुवातीला अमेरिकेत जेमतेम ४६ हजार प्रती दुकानांत गेल्या. यादीत तो १४४व्या जागी आला. तिथून चढत चढत ११ जानेवारी १९९२च्या यादीत त्याने ‘डेंजरस’ला हटवून पहिली जागा घेतली. ‘टेन’ तर १९९२ निम्मं सरल्यावर दुसऱ्या जागेपर्यंत पोहोचला. १९९१चं म्हणून आपण जे मिरवतो, त्यातलं कितीतरी १९९२मध्ये ऐकलं गेलं आहे.

‘अल्टर्नेटिव्ह’ या शब्दाचा गुंताही याच काळातला. मुळात त्याचा अर्थ मोठ्या कंपन्यांच्या आणि मोठ्या रेडिओच्या बाहेरचं. अमेरिकेतल्या वार्षिक संगीत पुरस्कारांत या नावाचा गट १९९१मध्ये पहिल्यांदा आला, आणि पुढच्या वर्षी तो मिळाला ‘आउट ऑफ टाइम’ला. मोठ्या कंपनीने काढलेला, लाखोंनी खपलेला, दोनदा पहिल्या जागी गेलेला अल्बम. तेव्हापासून हा शब्द बाहेर असण्याचा राहिला नाही, दुकानातल्या कप्प्याचा झाला. निर्वाणाच्या मंडळींनाही हे टोचत असणार. ‘नेव्हरमाइंड’चं शेवटचं ध्वनिमिश्रण फार गुळगुळीत झालं, असं त्यांच्या गायकाने नंतर उघड बोलून दाखवलं होतं. ‘लव्हलेस’ मात्र कुठल्याच कप्प्यात बसला नाही. त्याला दोन वर्षं आणि दीड डझनाहून अधिक स्टुडिओ लागले, यादीत तो फारसा दिसलाही नाही, आणि या सगळ्यांतून मला एकच ठेवायला सांगितला तर मी तोच ठेवीन.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्याने पोहोचलं. रुपयाचं अवमूल्यन नुकतंच झालेलं, बाहेरची सीडी म्हणजे चैन. मुंबईत काळ्या घोड्याच्या कोपऱ्यावरच्या, २०१६मध्ये बंद झालेल्या दुकानात सीडी उलटसुलट बघायची आणि परत ठेवायची. हाँगकाँगहून उपग्रहावर येणारी संगीतवाहिनी गल्लीतल्या केबलवाल्याने जोडली, आणि निर्वाणाची व्यायामशाळेतली ती धुरकट चित्रफीत आम्ही पाहिली. धोबी तलावच्या रंगभवनात कॉलेजांचे बँड पुढची काही वर्षं हीच गाणी घेऊन उभे राहिले.

माझ्याकडे ‘डेंजरस’ आला तो मित्राच्या सीडीवरून ९० मिनिटांच्या कॅसेटवर भरून. अल्बम ७७ मिनिटांचा, म्हणजे कॅसेटवर आरामात मावणारा. पण एका बाजूला पंचेचाळीसच मिनिटं, आणि नववं गाणं, ‘हू इज इट’, पहिल्या बाजूच्या टोकाला येई. शेवटची दीड-दोन मिनिटं उरलेली असताना पट्टी संपायची आणि खटका वर यायचा. ते गाणं तिथेच संपतं असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. सीडीच्या लांबीने अल्बम कसे फुगले, हे मला त्या खटक्याने शिकवलं. ‘यूज युअर इल्यूजन’चा एकेक भागही पंचाहत्तर मिनिटांच्या आसपास, ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ जवळजवळ चौऱ्याहत्तर. १९९२मध्ये अमेरिकेत सीडीने कॅसेटला खपात मागे टाकलं, तेव्हा आम्ही अजून पेन्सिलीने पट्टी गुंडाळत होतो.

मोजणी बदलताना त्याच अंकात आणखी एक नियम आला होता, ज्याची चर्चा तेव्हा फार झाली नाही. जुना होऊन यादीत खाली घसरलेला अल्बम मुख्य यादीतून काढून वेगळ्या यादीत टाकायचा, म्हणजे नव्यांना जागा राहील. त्या नियमाने काही वर्षांनी १९९१चेच अल्बम बाहेर गेले. जून २००९मध्ये मायकल जॅक्सन गेला. त्या आठवड्यात त्याचे जुने अल्बम नव्या पहिल्या क्रमांकापेक्षा जास्त खपले, आणि मुख्य यादीत त्यांचं नावच नव्हतं. डिसेंबर २००९मध्ये साप्ताहिकाने तो नियम मागे घेतला. त्यानंतर मेटालिकाचा काळा अल्बम आणि ‘नेव्हरमाइंड’ मुख्य यादीत पुन्हा दिसू लागले.