एमसीबी पडत नाही, मग सॉकेट जळतं कसं?

इंडक्शन शेगडीचं सॉकेट काळं पडलं की पहिला राग एमसीबीवर (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) निघतो. एवढं जळेपर्यंत तो पडला कसा नाही? एमसीबी बहुतेक वेळा ठणठणीत असतो. ही आग त्याला दिसतच नाही.

२००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर पूर्ण जोरात चालली की ८.७ अँपिअर घेते. लहान पिनांचा पॉइंट ६ अँपिअरचा, जाड पिनांचा १६ अँपिअरचा (इलेक्ट्रिशियनच्या तोंडी अजूनही ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’). शेगडीचा प्लग जाड, ओट्याजवळचा पॉइंट लहान, मग मध्ये कन्व्हर्टर (जाड पिनांचा प्लग लहान पॉइंटात बसवणारा जोड) येतो. त्या पॉइंटमागे एमसीबी बहुधा १० किंवा १६ अँपिअरचा असतो, त्याच्या हिशेबात ८.७ अगदी योग्य. समजा ६ चाच बसवलेला आहे. तरी मानकाप्रमाणे १.४५ पट प्रवाहाला, म्हणजे नेमक्या ८.७ अँपिअरला, पडायला त्याला तासाभराची मुभा असते. तेवढ्यात वरण-भात होऊन जातो.

आता उष्णतेचा हिशेब. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हे शाळेतलं सूत्र पुरेसं आहे. दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम. एमसीबीचा बोर्ड १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.२४ ओहम, आणि उष्णता १८ वॉट. पण ती २० मीटरभर पसरते, मीटरला एक वॉटही येत नाही. वायर जेमतेम कोमट होते.

खरा खेळ पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी जिथे टेकतात तिथे आहे. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. ते टेकतात फक्त मोजक्या उंचवट्यांवर आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून दाटीवाटीनं जातो. पट्टीचा दाब चांगला असेल तर ठिपके चपटे होतात, वाढतात, आणि जोडाचा रोध ओहमच्या काही हजाराव्या भागाइतकाच राहतो. पट्टी ढिली पडून तो ०.१ ओहम झाला तर ७.६ वॉट उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत कोंडते. ०.५ झाला तर ३८ वॉट, म्हणजे सॉकेटमध्ये सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. पुढे हे चक्र स्वतःच वेग घेतं: तापलेल्या धातूवर ऑक्साइड चढतं, पट्टीचा ताण जातो, दाब घटतो, रोध वाढतो, जोड आणखी तापतो. पीव्हीसीचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंत टिकायला बनवलेलं असतं, त्यापुढे ते मऊ पडतं, पुढे करपून कडक होतं.

आणि या सगळ्यात प्रवाह वाढतच नाही. अर्ध्या ओहमनं सव्वाचार-साडेचार व्होल्ट खाल्ले तरी शेगडी चालूच राहते. एमसीबी फक्त प्रवाह मोजतो. आरसीसीबी (वीज गळती झाली की पडणारा स्विच) फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहांचा फरक मोजतो, तो इथे शून्य. दोघेही गप्प. (याच सॉकेटशेजारी ‘बिल कमी करणारी’ दिवा लागलेली डबी खोचलेली दिसते. आत बहुधा एक कपॅसिटर असतो. घरचं बिल खर्च झालेल्या युनिटांवर येतं, त्यामुळे डबीनं ते घटत नाही. एक प्लग मात्र वाढतो.)

शेगडीला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा: बोर्डापासून थेट, किमान २.५ चौ. मिमी तांब्याची वायर, अंतर जास्त असेल तर ४, आणि १६ अँपिअरचा सी-कर्व्ह (चालू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी. जुन्या दीडच्या वायरवर मोठा एमसीबी चढवणं म्हणजे वायरचं संरक्षण काढून घेणं. टर्मिनलमध्ये तारा पीळ देऊन, दुमडून घालाव्यात, एकही तार बाहेर राहू नये. टोकाला सोल्डर लावू नये. तो मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि स्क्रू आपोआप ढिला होतो.

तपकिरी पडलेलं सॉकेट घासून परत वापरू नये. बदलताना वायरचा करपलेला भागही कापून टाकावा. काळ्या तांब्यावर नवं सॉकेट बसवलं की तेही जळतं. बरंच सॉकेट-साहित्य युरिया-फॉर्मल्डिहाइडचं असतं आणि ते तापलं की मासळीसारखा वास येतो. घरात बोंबील नसताना तसा वास आला तर मेन बंद करून प्लग तपासावा. अर्धा तास शेगडी चालवून बंद केल्यावर प्लगवर बोट ठेववत नसेल, तर जोड बिघडला आहे.

ओट्यात बसवलेल्या चार चुलींच्या इंडक्शन हॉबचं गणित वेगळं. ७ किलोवॉट म्हणजे ३० अँपिअर, तिथे प्लग नाहीच. ६ चौ. मिमी वायर, ३२ अँपिअरचा दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, थेट टर्मिनलला जोडणी, आणि त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहणं.

अर्थिंगची हिरवी वायर नसली की काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतात. टेस्टर लावला तर काहीच वावगं दिसत नाही. मात्र मागे कुठे न्यूट्रल तुटला, की त्या पॉइंटवर लावलेल्या ओव्हनच्या किंवा राइस कुकरच्या धातूच्या अंगावर २३० व्होल्ट येतात.