भांडवलशाही म्हणजे लोकशाही, समाजवाद म्हणजे हुकूमशाही?

असा फॉरवर्ड वर्षानुवर्षे फिरतो आहे. सोव्हिएत संघाकडे पाहिलं तर तो पटतोही: कारखाने सरकारचे, मतपत्रिकेवर उमेदवार एकच. पण प्रश्न दोन आहेत. कारखान्याचा मालक कोण, हा अर्थव्यवस्थेचा. सरकार मतांनी घालवता येतं का, हा लोकशाहीचा.

चिलीत १९७३ ते १९९० लष्करी राजवट होती. तिनेच १९८१ मध्ये पेन्शनसुद्धा खासगी कंपन्यांकडे सोपवली. उलट ब्रिटनमध्ये कोळसा खाणी (१९४७) आणि रेल्वे (१९४८) सरकारी करणारं सरकार १९५१ च्या निवडणुकीत हरलं आणि निमूट पायउतार झालं. खाणी मात्र सरकारीच राहिल्या!

एखाद्या देशात लोकशाही आहे का, हे पडताळायचं असेल तर त्या देशाचे जुने निवडणूक निकाल काढा आणि बघा, सत्ताधाऱ्यांनी हरून खुर्ची सोडली असं कधी घडलंय का.