वैज्ञानिक संस्थांतील स्त्री-नेतृत्व

विज्ञान अकादमी, संशोधन परिषदा, आंतरराष्ट्रीय विज्ञान संघ आणि प्रयोगशाळा यांच्या निर्णयपदांवरील स्त्रियांचा सहभाग, तसेच त्या सहभागाला वाट देणारे किंवा ती अडवणारे नियम, हा या नोंदीचा विषय आहे.

इतिहास : अकादमीत प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री कोण, याबाबत मतभेद आहेत. एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांना १६६९मध्ये पादुआच्या रिकोव्राती अकादमीत घेतले गेले. परंतु ती मंडळी मुख्यतः साहित्य व तत्त्वज्ञानाची असल्याने विज्ञानेतिहासकार बहुधा भौतिकशास्त्रज्ञ लॉरा बास्सी यांच्यापासून सुरुवात करतात. १७३२मध्ये त्यांना बोलोन्याच्या अकादमीचे सदस्यत्व, डॉक्टरेट आणि विद्यापीठातील अध्यासन अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या. पुढे १७४५मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी नेमलेल्या चोवीस वेतनधारी सदस्यांच्या गटात त्यांना पंचविसाव्या, म्हणजे जादा, सदस्य म्हणून घेतले गेले; मतदानाचा हक्क मात्र इतरांइतका दिला नाही. सदस्यत्व आणि अधिकार यांची ही फारकत पुढेही वारंवार दिसते.

पद हाच निकष धरला, तर येकातेरीना दाश्कोवा यांचे नाव पुढे येते. रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिने त्यांना १७८३मध्ये पीटर्सबर्ग अकादमीच्या संचालकपदी नेमले. त्या स्वतः संशोधक नव्हत्या आणि नेमणूक राजकृपेची होती, म्हणून काही अभ्यासक हे उदाहरण बाजूला ठेवतात. मात्र संस्थेचा कारभार त्यांच्या हाती होता, हे पाहता त्यांना वगळणे फारसे पटत नाही. याउलट बर्लिनमध्ये १७०२चा धूमकेतू शोधणाऱ्या मारिया विंकेलमान यांनी पती गोटफ्रीड किर्ख यांच्या मृत्यूनंतर (१७१०) अकादमीत सहायक खगोलज्ञाचे काम मागितले. अकादमीचे अध्यक्ष लायब्निट्स यांचा पाठिंबा असूनही ते नाकारले गेले. पतीसोबत त्या वर्षानुवर्षे काम करीत होत्या, तरी तेवढे पुरले नाही.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत अडथळा कायद्याच्या भाषेत आला. विद्युत अभियंत्या हर्था एर्टन यांचे नाव १९०२मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सदस्यत्वासाठी आले, तेव्हा विवाहित स्त्री सनदेनुसार पात्र नाही असा कायदेशीर सल्ला मिळाला. त्याच सोसायटीत १९०४मध्ये त्यांनी स्वतःचा निबंध वाचला आणि १९०६मध्ये ह्यूज पदकही मिळवले. लिंगावरून अपात्र ठरवण्याची तरतूद ब्रिटिश कायद्याने १९१९मध्ये रद्द केली. सोसायटीच्या पहिल्या स्त्री सदस्या कॅथलीन लॉन्सडेल व मार्जरी स्टीफन्सन यांची निवड मात्र १९४५ची. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या सदस्यत्वासाठीच्या निवडणुकीत मारी क्यूरी जानेवारी १९११मध्ये एद्वार ब्रान्ली यांच्याकडून हरल्या (एक की दोन मतांनी, याचे आकडे वेगवेगळे दिले जातात). तेथील पूर्ण सदस्यत्व स्त्रीला मिळाले ते १९७९मध्ये, इव्होन शोके-ब्रुआ यांना.

सर्वोच्च पदे त्यानंतरची : आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा कॅथरिन सेझार्स्की (२००६), आंतरराष्ट्रीय गणितीय संघाच्या इंग्रिड डोबेशी (२०११), अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मार्शिया मॅकनट (२०१६), भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या चंद्रिमा शहा (२०२०).

मोजमाप : अध्यक्षपदांची गणती फसवी असते. आठ संस्थांचा नमुना घेतला, तर एका निवडीने टक्केवारी साडेबाराने हलते. त्यापेक्षा युरोपीय आकडेवारीत वापरला जाणारा ‘काचेचे छत निर्देशांक’ (काचेचे छत म्हणजे वरच्या पदांकडे जाताना आड येणारा अदृश्य अडथळा) उपयोगी आहे. एकूण अध्यापक-संशोधकांतील स्त्रियांच्या टक्केवारीला सर्वोच्च श्रेणीतील टक्केवारीने भागायचे. ४० भागिले २० म्हणजे २. उत्तर १ आले तर वरपर्यंत समान वाटा, जितके जास्त तितके छत जाड. मात्र खालीच स्त्रिया कमी असतील, तर निर्देशांक १च्या जवळ येऊनही विषमता कायम राहते.

आजीव सदस्यत्वाच्या अकादमींत बदल संथ असतो. समजा १,००० सदस्यांत १२० स्त्रिया आहेत, दरवर्षी ४० जागा रिकाम्या होऊन भरल्या जातात आणि नव्यांपैकी निम्म्या स्त्रिया निवडल्या. रिकाम्या जागांतही स्त्रियांचा वाटा त्या त्या वेळच्या सदस्यसंख्येइतकाच धरला, तर दहा वर्षांनीही प्रमाण सुमारे २५ टक्केच होते.

कारणमीमांसा : स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्जांवरून वेनेरॉस व वोल्ड यांनी १९९७मध्ये दाखवले की, पुरुषाइतकेच गुण मिळवण्यासाठी स्त्रीला सुमारे अडीचपट प्रकाशन-कामगिरी लागत होती. पुढील दशकातील अर्जांवर केलेल्या अभ्यासात स्त्रियांविरुद्धचा कल आढळला नाही, मात्र परीक्षकांशी लागेबांधे असलेल्यांना झुकते माप कायम होते. अमेरिकेतील प्रयोगांचे निष्कर्षही परस्परविरोधी आहेत : २०१२चा प्रयोग प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या अर्जात पुरुषाला झुकते माप दाखवतो, तर २०१५चा सहायक प्राध्यापकपदासाठी स्त्रीला. दोन्ही पदे वेगळी होती, हे वादात अनेकदा सुटते. लागेबांध्यांचे स्पष्टीकरण अधिक टिकाऊ दिसते. कारण बहुतेक अकादमींत नाव सुचवण्याचा हक्क विद्यमान सदस्यांनाच असतो आणि ते ओळखीच्या वर्तुळातूनच नावे देतात.

उपाय : निवडीपेक्षा नामनिर्देशनाची यादी आधी तपासावी. शोधसमितीने लांब यादी तयार करावी आणि ती पुरेशी विस्तृत होईपर्यंत मुदत बंद करू नये. ‘पायरी पद्धती’त प्रत्येक श्रेणीतील नव्या नेमणुकांचे लक्ष्य त्याखालच्या श्रेणीतील स्त्रियांच्या प्रमाणाइतके ठेवतात. युरोपीय संघाच्या संशोधन निधीसाठी सार्वजनिक संस्थांना २०२२पासून स्त्री-पुरुष समता आराखडा बंधनकारक आहे. तो प्रमुखाच्या सहीने प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यासाठी निधी-मनुष्यबळ, लिंगवार आकडेवारी व प्रशिक्षण अपेक्षित असते. लैंगिक छळाविरुद्धची उपाययोजना शिफारशीच्या विषयांत येते.

काही उपाय उलटतात. अमेरिकेतील आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांत अपत्यजन्मानंतर कायम नियुक्ती मिळवण्यासाठीची मुदत स्त्री-पुरुष दोघांनाही वाढवून दिली, तेव्हा पुरुषांना कायम होण्याची शक्यता वाढली आणि स्त्रियांची घटली, असे २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पुरुषांनी तो काळ लेखनासाठी वापरला, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. प्रत्येक समितीत किमान एक स्त्री, हा नियमही असाच आहे. चाळीस जणांच्या विभागात सहा स्त्रिया आणि बारा समित्या असतील, तर प्रत्येकीवर सरासरी किमान दोन समित्या पडतात आणि संशोधनाचा वेळ तिथे जातो. म्हणून हा नियम लागू करताना समित्या कमी कराव्यात, किंवा समितीकामाच्या बदल्यात अध्यापनाचे तास कमी करून द्यावेत.